चोर सुटला, घरमालक बायोसमध्ये

सुरक्षेच्या नावाखाली आपल्याकडे काहीही खपतं. पण घरचा हिशेब आणि नातवाशी व्हिडिओ कॉल यापलीकडे कॉम्प्युटरकडून काही न मागणाऱ्या माणसाला मदरबोर्डच्या पोटात उतरायला लावायचं आणि वर ‘हे तुमच्याच भल्यासाठी’ म्हणून सांगायचं, याला माझ्या लेखी निगरगट्टपणा म्हणतात.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना आणखी वर्षभर सुरक्षेची ठिगळं मिळतात, बाकीच्यांनी विंडोज ११ कडे जायचं. त्यासाठी टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग हवा, जुन्या बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय हवं आणि मशीन सिक्युअर बूट करण्याच्या लायकीचं हवं. २०२१ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने तपासणीसाठी जे अ‍ॅप दिलं, ते सुरुवातीला ‘तुमचा पीसी चालणार नाही’ एवढं सांगून गप्प बसायचं. का चालणार नाही, याचा पत्ता नाही. बोंबाबोंब झाल्यावर ते मागे घेतलं आणि सप्टेंबरात कारणांसकट परत आणलं.

सिक्युअर बूटच्या मूळ कल्पनेशी माझं भांडण नाही. बटण दाबल्यावर विंडोज जागं होण्याआधी जो प्रोग्राम चालतो, तोच कोणी बदलला तर अँटिव्हायरस काय कपाळ पाहणार? म्हणून बोर्डाने आधी त्या प्रोग्रामवरची डिजिटल सही तपासायची, पटली तरच पुढे जाऊ द्यायचं. सही कोणाची चालेल ते ठरवणाऱ्या किल्ल्या बोर्डातच साठवलेल्या असतात, आणि घरगुती मशीनवर त्या कारखान्यातूनच मायक्रोसॉफ्टच्या म्हणून येतात. लिनक्सवाल्यांनासुद्धा आपला सुरुवातीचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून आणावा लागतो. कागदोपत्री तुम्ही स्वतःची किल्लीही घालू शकता. घालून दाखवा.

आता गंमत अशी, की अपग्रेडसाठी सिक्युअर बूट चालू असण्याची सक्तीच नाही. मशीनला ते जमायला हवं, एवढीच मायक्रोसॉफ्टची अट आहे. पण आपल्याकडच्या असेंबल केलेल्या पीसीचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. दुकानातल्या पोराने कधीकाळी हाताशी असलेल्या पेनड्राइव्हवरून लेगसी मोडमध्ये विंडोज टाकलं, डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडली आणि चालू झालं म्हणून बिल फाडलं. बोर्ड चांगला यूईएफआयचा, पण त्याला आयुष्यभर जुन्या बायोसचं सोंग घ्यायला लावलं. मालकाला याचा गंध नाही. सर्चमध्ये एमएसइन्फो३२ टाईप करून बघा, ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ दिसलं तर तुम्हीही त्याच पंगतीत.

मग सुरू होते बायोसची यात्रा. डिलीट की बडवत आत शिरलं, की समोर विमानाच्या कॉकपिटसारखा देखावा. पंख्याचे फेरे, व्होल्टेज, ओव्हरक्लॉकिंगचं भलंमोठं बटण. ज्यासाठी आलो ते सिक्युअर बूट मात्र तीन पडदे आत, तेही करड्या रंगात, हात न लावता येण्याजोगं. कारण सीएसएम नावाची जुन्या पद्धतीची सोय चालू आहे, आणि ती बंद केल्याशिवाय हे हलणार नाही. असं तिथे लिहिलंय का? छे. मी पाहिलेल्या एका बोर्डावर तर चालू-बंद असा पर्यायच नव्हता. ‘ओएस टाइप’ म्हणून एक ओळ, तिच्यात ‘विंडोज यूईएफआय मोड’ किंवा ‘अदर ओएस’. यातलं दुसरं निवडलं की सिक्युअर बूट बंद. हे ज्याने रचलं त्याला एकदा आपल्या सासऱ्यांच्या शेजारी बसवून हे काम करून घ्यायला सांगितलं पाहिजे.

बरं, सीएसएम बंद केलं. मशीन पुन्हा सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत येतं: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. डिस्क एमबीआर पद्धतीची असल्याने यूईएफआयला तिच्यावर सुरू करण्यासारखं काही सापडतच नाही. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर एवढी ओळसुद्धा उमटत नाही. पहिल्या प्रसंगात बिघडलेलं काहीच नसतं, सीएसएम परत चालू केलं की गाडी रुळावर. पण घाबरलेला माणूस मशीन उचलून दुकानात नेतो, दुकानदार ‘विंडोज नवीन टाकावं लागेल’ म्हणतो, आणि लेकीच्या लग्नाचे फोटो फॉरमॅटमध्ये जातात.

याचा सगळ्यात जास्त संताप येतो, कारण उपाय विंडोजच्या पोटातच आहे. एमबीआर२जीपीटी नावाचं साधन २०१७ पासून विंडोज १० सोबत येतं आणि डेटा न पुसता डिस्कची मांडणी बदलतं. तेही काळ्या खिडकीत कमांड टाईप करून! अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामला डिस्क कुठल्या पद्धतीची आहे हे दिसत असतं. तो सरळ विचारू शकला असता, ‘मांडणी बदलून देऊ का?’ तसं करायला कोणाचे हात बांधले होते?

आणि ज्यांच्या भरवशावर हा सगळा खटाटोप करायचा, त्या रखवालदारांची कामगिरी ऐका. २०२३ च्या मार्चमध्ये ईसेट कंपनीच्या संशोधकांनी विंडोजच्या आधी चालणारा ब्लॅकलोटस नावाचा मालवेअर उघड केला. सगळे अपडेट घेतलेल्या विंडोज ११ वर, सिक्युअर बूट चालू असताना, तो आत घुसत होता. ज्या भोकातून तो शिरला ते २०२२ च्या जानेवारीतच बुजवलेलं. पण आधीच्या सदोष फायलींवरच्या सह्या रद्द केलेल्या नव्हत्या, म्हणून हा पठ्ठ्या जुनी फाईल बरोबर घेऊनच यायचा. दारावर सही तपासली जायची, खरी निघायची, ‘या साहेब’.

२०२४ मध्ये तर कळस झाला. बायनार्ली या संस्थेने दाखवून दिलं, की नामांकित कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांत मुख्य किल्ली म्हणून बसवली होती ती निव्वळ चाचणीची किल्ली. तिच्या नावातच ‘डू नॉट ट्रस्ट’ लिहिलेलं. तिचा गुप्त राखायचा भाग २०२२ साली इंटरनेटवर उघडा पडला होता. ‘विश्वास ठेवू नका’ असं लिहिलेली किल्ली गिऱ्हाइकाच्या घरात बसवणारे मोकाट, आणि मी मात्र माझा पीसी भरवशाचा आहे हे सिद्ध करत बसायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली पद्धत सातासमुद्रापलीकडेही चालते, एवढंच समाधान.

त्यात नवं झेंगट म्हणजे, या सह्यांमागचे २०११ चे दाखले २०२६ च्या जूनपासून एकेक करून मुदतबाह्य होतात. नवे २०२३ चे आहेत, अपडेटमधून ते येतातही. पण काही मशीनवर त्यासाठी बोर्ड बनवणाऱ्याचं बायोस अपडेट लागतं, आणि सात-आठ वर्षांच्या जुन्या बोर्डासाठी ते कोण काढतंय? मशीन बंद पडणार नाही. पण दाखले जुनेच राहिले तर सुरुवातीच्या त्याच टप्प्यासाठीची नवी सुरक्षा तिथे पोचणार नाही, ज्या टप्प्यासाठी हा सगळा घाट घातला.

तरीही करायचंच असेल, तर क्रम चुकवू नका. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. मग डिस्कची मांडणी बदला, आणि त्यानंतरच सीएसएमला हात लावा. दुकानात नेणार असाल तर ‘फॉरमॅट करायचं नाही’ हे मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.