भोंगा बंद, भाडे सुरू

जुन्या वास्तू पाडू नयेत, त्यांना नवा उपयोग द्यावा, हे तत्त्व कोणीही सुसंस्कृत माणूस मान्य करील. मुंबईच्या गिरणगावात मात्र या तत्त्वाच्या आडून जे घडले, त्याचा हिशेब मागण्याची वेळ आली आहे. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत जाहिरात संस्था, वृत्तवाहिन्या आणि आरेखनाची दालने थाटली गेली. उंच छत, ओतीव लोखंडाचे खांब, गिलावा खरवडून उघड्या केलेल्या विटा यांचे कौतुक ऐकवून गिऱ्हाइकाला सांगितले जाते, की येथे कल्पना सुचतात. या 'वातावरणा'चे भाडे मग चौरस फुटामागे वसूल होते.

हे वातावरण आले कोठून? करवतीच्या दात्यांसारखे ते छप्पर कोणा कलावंताच्या सोयीसाठी बांधलेले नव्हते. उत्तरेकडचा स्थिर उजेड आत यावा आणि मागावरच्या विणकराला सूत नीट दिसावे, यासाठी ती रचना होती. धागा तुटू नये म्हणून त्याच छपराखालची हवा दमट ठेवली जाई. त्या दमटपणात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांच्या पिढ्या पाळ्यांवर उभ्या राहिल्या. 1856 मध्ये ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली, तेव्हापासून या श्रमांवर मुंबई उभी राहिली. रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना मिळाली, ती 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. विदेशी कापडाच्या ट्रकपुढे 12 डिसेंबर 1930 रोजी देह ठेवणारा बाबू गेनू गिरणी कामगारच होता. भाडेपट्ट्याच्या कोणत्या कलमात या वारशाची नोंद आहे?

आता कायद्याची करामत पाहा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे तीन वाटे ठरविले. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, दुसरा 'म्हाडा'ला घरांसाठी आणि तिसरा मालकाला. परंतु जुनी शेड न पाडता तिच्यात व्यापारी वापर सुरू केला, तर त्या शेडखालच्या जमिनीची वाटणी करावी लागत नव्हती. पुढे 2001 च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरविली. म्हणजे वास्तू राखली तरी लाभ मालकाला आणि पाडली तरी लाभ मालकालाच! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

यावर एक ठरलेले उत्तर दिले जाते. गिरण्या 1982 च्या संपाने बुडाल्या, त्या ओसाड राहण्यापेक्षा तेथे नवा रोजगार आला, यात वाईट काय? नव्या रोजगाराला कोणाचाच विरोध नाही. पण 18 जानेवारी 1982 रोजी संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कितीजणांच्या मुलांना त्या काचेच्या दाराआड मेज मिळाले? 'म्हाडा'ने जून 2012 मध्ये पहिली सोडत काढली, ती 6,925 घरांची. घरासाठी नोंदलेले अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात. 2024 मध्ये तर या कुटुंबांना शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखविण्यात आला. ज्यांच्या घामाने परळ घडले, त्यांनी कर्जतच्या गाडीत बसावे आणि त्यांच्या चिमणीकडे पाहत इतरांनी कॉफी प्यावी, हा कोठला न्याय?

बरे, वास्तूची तरी काळजी घेतली जाते का? 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली आणि चौदा जीव गेले. जेथे कधीकाळी यंत्रे चालत, तेथे गर्दी जमवायची, तर बाहेर पडण्याच्या वाटाही आधी आखाव्या लागतात. विटा घासून चकचकीत केल्या, म्हणजे जीर्णोद्धार झाला असे नव्हे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला, ही समाधानाची गोष्ट. तरीही सारी स्मृती एका संग्रहालयात कोंडून भागणार नाही. ऐतिहासिक वास्तूचे भाडे इतिहासामुळे वाढत असेल, तर त्या वाढीव भाड्यातील निश्चित वाटा कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवण्याची अट शासनाने भाडेपट्ट्यातच घालावी. प्रत्येक आवाराच्या दाराशी गिरणीचे मूळ नाव आणि तिचा इतिहास मराठीत कोरलेला असावा. अग्निसुरक्षेचा दाखला दर्शनी भागात लावल्याशिवाय कोणालाही जागा देऊ नये.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचे वडील वा आजोबा गिरणीच्या भोंग्यावर उठले आहेत. आपली मुले आज अशाच एखाद्या कार्यालयात नोकरीला असतील, तर त्यांना एकदा विचारा, तुझ्या मेजाच्या जागी पूर्वी कोणाचा माग होता? उत्तर येत नसेल, तर सांगण्याचे काम आपले आहे.