फिट लपवून बरी होत नाही

"आमच्या घराण्यात असलं काही नाही हो डॉक्टर." फिट आलेल्या रुग्णाचे नातेवाईक हे वाक्य हमखास बोलतात, तेही आवाज खाली करून. शुगर, बीपी आपण चारचौघांत सांगतो. मग फिट सांगताना आवाज का उतरतो?

आजार दुर्मिळ आहे म्हणाल, तर तसे नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन सुमारे चौदा हजार लोकांची पाहणी झाली, ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. हजारात ४.७ जणांना अपस्मार, म्हणजे फेफरे किंवा मिरगी, असल्याचे आढळले. बंगळुरूच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण शहरी भागात हजारी ५.७ आणि खेड्यांत ११.९ निघाले. म्हणजे शिकलेल्या, दवाखाना जवळ असलेल्या शहरी वस्तीतही हजारी पाचच्या आसपास माणसांना हा आजार असतो.

आता आपल्या गावाचा हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत धाराशिव शहराची लोकसंख्या एक लाख अकरा हजारांच्या पुढे होती. हजारी पाच धरले तर साडेपाचशे माणसे होतात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरीही स्वतःला विचारा, यातले तुम्हाला किती माहीत आहेत? एक? दोन? बाकीचे तुमच्याच गल्लीत, तुमच्याच ऑफिसात आहेत. गोळ्या लपवून खात आहेत, किंवा खातच नाहीत.

फिट म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संदेशांत अचानक झालेला गोंधळ. ती बाहेरची बाधा नाही, वेड नाही आणि शिवल्याने पसरत नाही. योग्य औषध नियमित घेतले तर सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खरे नुकसान लपवण्याने होते. मुलीचे लग्न ठरते आणि सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. अशा एकदम बंद केलेल्या गोळ्यांमुळे फिटमागून फिट येऊन जीवही जाऊ शकतो. वारंवार येणारी फिट पूर्वी हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडसर होती. ती अट १९९९ मध्ये काढून टाकली. कायदा बदलून पंचवीस वर्षे उलटली, आपण कधी बदलणार? लग्नाआधी सांगा, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. काही औषधे गर्भाला घातक असतात, ती वेळेत बदलता येतात. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी सोडू नका.

आणि समोर कुणाला फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका. हातात किल्ली देऊ नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

घरात कुणाला फिट येत असेल तर दवाखान्यात या, आणि आवाज खाली न करता सांगा.