धर्माची नाव कीं हक्काचा पूल?

आमच्या सुशिक्षित समाजांत सध्यां एक मत फार रूढ झालें आहे. संगणक आणि मोबाइल आल्यापासून अंधांचा प्रश्न सुटला, असें तें मत होय. "आतां यंत्रच त्यांना वाचून दाखवितें, मग अडचण ती कसली राहिली?" असा प्रश्न चांगलीं शिकलेलीं माणसें आम्हांस करतात, आणि तो करून झाल्यावर जुन्या कर्जांतून मोकळें झाल्याचें समाधान त्यांच्या मुद्रेवर दिसतें. हें समाधान खोटें आहे, व डोळस समाजाच्या निष्काळजीपणावर तें पांघरूण घालीत आहे, असें आमचें स्पष्ट मत असल्यामुळें ह्या विषयाचा थोडा सविस्तर परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वपक्षांत जेवढें तथ्य आहे तेवढें प्रथमच मान्य करूं. लुई ब्रेलनें १८२९ सालीं आपली ठिपक्यांची लिपि प्रसिद्ध केली, आणि अंधांच्या बोटांना अक्षरें मिळालीं. मुंबईस १९०० सालीं मिस ॲना मिलर्ड ह्यांनीं अंधांसाठीं शाळा काढली. पुढें १५ फेब्रुवारी २००८ रोजीं स्वागत थोरात ह्यांनीं 'स्पर्शज्ञान' हें ब्रेल लिपींतील मराठी पाक्षिक सुरू केलें. परंतु ब्रेल ग्रंथ आकारानें मोठे, संख्येनें थोडे, आणि रोजच्या व्यवहाराचे कागद तर त्यांत येणेंच अशक्य. ही उणीव स्क्रीन रीडर ह्या साधनानें बरीच भरून काढली. पडद्यावरचा मजकूर तें मोठ्यानें वाचतें. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन ह्या अंध तरुणानें २००६ सालीं 'एनव्हीडीए' नांवाचें असें साधन लिहावयास घेतलें व तें जगास विनामूल्य दिलें. आज बहुतेक मोबाइलमध्यें असें साधन मुळांतच बसविलेलें असतें, आणि तें मराठीही वाचतें. येथवर आमचा कोणाशींच वाद नाहीं.

आतां हें साधन काम कसें करतें तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण साऱ्या वादाची किल्ली तेथेंच आहे. स्क्रीन रीडर पडद्याकडे आपल्यासारखा पाहत नाहीं. संकेतस्थळाचें पान ज्या मजकुरानें व ज्या आंतल्या खुणांनीं रचलेलें असतें त्या खुणा ब्राउझर उलगडतो. आणि हें शीर्षक, हा दुवा, हें बटण, ही नांव लिहिण्याची चौकट, अशी यादी स्क्रीन रीडरच्या हवालीं करतो. ऐकणारा मनुष्य माउस वापरीत नाहीं. कळफलकावरील कळांनीं तो एका शीर्षकावरून दुसऱ्यावर, एका चौकटींतून दुसरींत जातो. सरावलेला वाचक हा आवाज इतक्या वेगानें ऐकतो कीं, शेजारीं बसलेल्या डोळसास त्यांतला शब्दही उमगूं नये.

म्हणजे साधन तयार आहे, ब्राउझर तयार आहे, वाचकही तयार आहे. तयार नसतो तो पान लिहिणारा. त्यानें शीर्षकास शीर्षक अशी खूण केली नाहीं, नुसतीं अक्षरें मोठीं व ठळक केलीं, तर डोळ्यांना शीर्षक दिसतें, कानांना तें सांपडत नाहीं. चित्रास वर्णन जोडलें नाहीं, तर यंत्र 'चित्र' एवढेंच म्हणून पुढें सरकतें. भिंगाचें चित्र काढून शोधण्याचें बटण केलें आणि त्यास नांव दिलें नाहीं, तर ऐकूं येतें 'बटण'. त्याच्या शेजारचें, तेंही 'बटण'. तिसरें, पुन्हां 'बटण'. एखाद्या कचेरींतील सर्व दारांवरच्या पाट्या काढून टाकाव्या आणि आंत येणारास 'दार, दार, दार' एवढेंच सांगावें, तशांतला हा प्रकार आहे. आणि हा दोष विरळा आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील 'वेबएम' ही संस्था दरवर्षीं दहा लक्ष संकेतस्थळांचीं मुखपृष्ठें तपासते. २०२५ सालच्या तपासणींत शेंकडा ९४.८ पृष्ठांवर सुगमतेचे नियम मोडलेले आढळले. आणि वारंवार आढळणारे दोष म्हणजे फिकट अक्षरें, चित्रांना वर्णन नाहीं, चौकटींना नांव नाहीं, दुव्यांना व बटणांना मजकूर नाहीं, हेच! ह्यांतील एकाही दोषाच्या निवारणास नवा शोध लागण्याची वाट पाहावयास नको आहे.

हें सारें शहरांतील सुखवस्तूंचें दुखणें आहे, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं क्षणभर धरमतरास यावें. पेणहून वडखळमार्गें अलिबागेकडे जाणारा रस्ता येथें अंबा नदीची खाडी ओलांडतो. एके काळीं मुंबईच्या आगबोटी ह्या बंदरास लागत. आज डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल येथील धक्क्यावर उतरतो. भोंवतालच्या खारेपाटांत भाताची शेती, आणि शेतीइतकेच त्या शेतीचे कागद, हा घराघराचा आधार आहे. समजा, ह्या भागांत एक शेतकरी आहे आणि साठीच्या सुमारास त्याची दृष्टि गेली. त्याच्या हातांत मोबाइल आहे, मोबाइलमध्यें बोलणारें साधनही आहे. पूर्वीं सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. डोळसाची सोय झाली. ह्या शेतकऱ्याची झाली काय?

शासकीय असोत वा खाजगी, अशा पानांच्या उंबरठ्यावर पुष्कळदां वेड्यावांकड्या अक्षरांचें एक चित्र टांगलेलें असतें. त्यास कॅप्चा म्हणतात. तीं अक्षरें ओळखून लिहिलीं म्हणजे तुम्ही मनुष्य आहां, यंत्र नव्हे, हें सिद्ध होतें. अक्षरें ऐकण्याची सोय शेजारीं ठेवलेली नसेल, तर डोळे नसलेला मनुष्य ह्या परीक्षेंत यंत्र ठरतो! मग शेवटीं तो पुतण्यास हांक मारतो. ज्या जमिनीच्या वांटणीवरून उद्यां त्याच पुतण्याशीं वाद होण्याचा संभव, तिचा कागद, खात्याचा सांकेतिक शब्द, आणि बँकेनें "कोणासही सांगूं नका" असें बजावून धाडलेला ओटीपी, हें सारें त्याच्या स्वाधीन करावें लागतें. "घरांत कोणी ना कोणी असतेंच कीं मदतीला," असें म्हणणारांनीं हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मदत घेणें लाजिरवाणें नाहीं. परंतु स्वतःचा गुप्त व्यवहार दुसऱ्याच्या डोळ्यांनींच करावयाचा, ही सक्ति लाजिरवाणी आहे, आणि ती लाज सक्ति करणाराची आहे.

ह्या सार्वत्रिक दोषांत मराठीनें स्वतःची अशी भर घातली आहे, ती वाङ्मयाच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ सालींच स्थान मिळालें. तरीही आमच्या संस्था कित्येक वर्षें असे टंक वापरीत राहिल्या कीं ज्यांत पडद्यावर मराठी दिसावें, परंतु आंत रोमन अक्षरांची खिचडी असावी. असा मजकूर स्क्रीन रीडर वाचूं लागला म्हणजे ज्ञानेश्वरांच्या भाषेऐवजीं निरर्थक अक्षरांचा खडखडाट ऐकूं येतो. दुसरी गोष्ट, पान मराठी असूनही त्यावर 'भाषा इंग्रजी' अशी खूण राहूं देण्याची. मग इंग्रजी आवाज मराठी शब्दांशीं झटापट करतो. तिसरी गोष्ट सर्वांत व्यापक. शासनाचे आदेश, शाळांच्या सूचना, जुनीं पुस्तकें व मासिकांचे अंक ह्यांचीं नुसतीं छायाचित्रें घेऊन त्यांच्या पीडीएफ चढविल्या जातात. डोळसास तें पान दिसतें. अंधाच्या दृष्टीनें तें कोरा कागद. मराठी भाषा टिकविण्यासाठीं सभा भरविणाऱ्या, ठराव करणाऱ्या मंडळींनीं एवढा तरी विचार करावा कीं, ज्या वाचकांचें सारें वाचन कानांनींच होतें, त्यांच्यासाठीं आपण ती भाषा मुकी करून ठेवीत आहों.

आतां उरलेले आक्षेप. पहिला, ह्यांची संख्या ती किती? २०११ च्या जनगणनेंत भारतांत दृष्टिदोष असलेलीं माणसें ५० लाखांहून अधिक मोजलीं गेलीं, व त्यांपैकीं पांच लाखांहून अधिक महाराष्ट्रांत होतीं. परंतु आम्ही म्हणतों, संख्येचा हा हिशेबच गैर आहे. गांवाची विहीर किती जणांनीं बाटवूं नये ह्याची मोजदाद करून कोणी तिचें पाणी खुलें केलें नाहीं. शिवाय दृष्टि ही जन्मभराची इनामदारी नव्हे. मोतीबिंदु, कांचबिंदु आणि मधुमेह हीं तुमच्या आमच्या घरचीं दारें ठोठावीतच असतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ह्याचा निकाल पंचवीस वर्षांपूर्वींच लागलेला आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकचें संकेतस्थळ आपणांस वाचतां येत नाहीं, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर ह्या अंध गृहस्थानें ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगापुढें नेली. तें सुधारण्यास वर्षाहून अधिक काळ व वीस लाखांहून अधिक डॉलर लागतील, असा कांगावा संयोजकांनीं केला. तक्रारदाराच्या तज्ज्ञांनीं तेंच काम कांहीं आठवड्यांचें आहे असें दाखविलें. आयोगानें निकाल अंधाच्या बाजूनें दिला, आणि संयोजकांना २०,००० डॉलर भरपाई द्यावी लागली. बांधून झालेल्या घराची भिंत फोडून दार काढणें महाग पडतें, हें खरें; म्हणूनच दार आधीं ठेवावयाचें असतें.

तिसरा आक्षेप अगदीं ताजा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता आतां चित्रांचेंही वर्णन करते, तेव्हां पानें सुधारण्याची गरज काय? यंत्राचा अंदाज बागेच्या चित्रास पुरेल. परंतु सातबाऱ्यावरील १२ गुंठ्यांचे यंत्रानें २१ वाचले, तर भरपाई कोण करणार? जो मजकूर लिहिणारास ठाऊकच आहे, तो त्यानें लपवावा आणि यंत्रानें तो तर्कानें ओळखावा, हा उलटा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

सर्वांत खोल रुजलेला आक्षेप मात्र कोणी बोलून दाखवीत नाहीं. अंधांसाठीं जें करावयाचें तें दया म्हणून, जमेल तेव्हां, जमेल तितकें, अशी ती समजूत आहे. धरमतर ह्या नांवांत दोन शब्द ऐकूं येतात. धर्म हा धर्मशाळेंतला, आणि तर म्हणजे पैलतीरीं नेणारी नाव. धर्माची नाव नावाड्याच्या मर्जीनें सुटते. तिच्यांत बसणारानें हात जोडून बसावें, आणि ती न आल्यास कोणावर फिर्याद करूं नये. पुलाचें तसें नाहीं. पूल झाल्यावर रात्रीं बारा वाजतांही मनुष्य कोणाचे उपकार न घेतां चालूं लागतो, आणि पूल खचला तर त्याचा जाब विचारतो. आजवर आम्हीं अंधांस नावेची वाट पाहावयास लाविलें आहे. त्यांना दिव्यांग हें नवें गौरवाचें नांव दिलें. परंतु नांव बदलल्यानें कॅप्चाचीं अक्षरें वाचतां येत नाहींत.

कायदा मात्र पुलाची भाषा बोलत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमाच्या ४२ व्या कलमानें इलेक्ट्रॉनिक माध्यमें सुगम करण्याचें कर्तव्य शासनावर घातलें. ४६ व्या कलमानें शासकीय व खाजगी अशा दोन्ही सेवा देणारांस नियम झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ सालीं झाले. मुदत २०१९ सालींच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजीव रतुरी ह्यांच्या खटल्यांत सुगमतेविषयींचा १५ वा नियम केवळ शिफारशीवजा आहे म्हणून मूळ कायद्याशीं विसंगत ठरविला, आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास शासनास सांगितलें. पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें आणखी एक निकाल दिला. बँकेची ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यापुढें डोळे मिचकावण्याची अट असे. आम्लहल्ल्यानें डोळ्यांना गंभीर इजा झालेली स्त्री आणि एक अंध वकील ह्यांनीं तिच्याविरुद्ध दाद मागितली होती. डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें न्यायालयानें म्हटलें व २० आदेश दिले. ज्यास डोळेच नाहींत त्यास ते मिचकावून जिवंतपणा सिद्ध करावयास सांगणारी व्यवस्था निर्बुद्ध होती, दुष्ट नव्हती, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर एवढेंच कीं, तीमुळें ज्याचें खातें उघडलें नाहीं त्याला ह्या भेदाचा उपयोग नाहीं.

न्यायालय आदेश देऊं शकतें. पानें लिहूं शकत नाहीं. तीं लिहिणारे हात वाचकांच्याच घरांत आहेत. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून संकेतस्थळें घडविणारे मुलगे आणि मुली, सहकारी बँकांचे संचालक, शिक्षणसंस्थांचे चिटणीस, ग्रंथालयांचे कार्यवाह, प्रकाशक आणि संपादक, हा सर्व आमचाच वर्ग आहे. त्यांच्याकडे आमची मागणी मोठी नाहीं. आपल्या संस्थेचें पान उघडावें, माउस बाजूस सारावा, आणि केवळ कळफलकानें एक अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. मग स्क्रीन रीडर सुरू करून, पडदा झांकून, तोच अर्ज पुन्हां भरावा. जेथें अडेल तेथें खूण करून ठेवावी आणि तो दोष दूर झाल्याशिवाय काम घडविणाऱ्या कंपनीचें बिल मंजूर करूं नये. पुढच्या सर्वसाधारण सभेंत ताळेबंदावर बोलण्यास उठणाऱ्या सभासदानें हाही एक प्रश्न विचारावा: आपल्या बँकेचें खातें अंध खातेदारास एकट्यानें पाहतां येतें काय? अध्यक्षांस उत्तर देतां आलें नाहीं, तर तें इतिवृत्तांत तसेंच नोंदवून घ्यावें.