'२बी' म्हणजे सिद्ध झालेला धोका नव्हे

मोबाइलमुळे मेंदूचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेच मान्य केले आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान पटत नाही. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलच्या लहरी '२बी' गटात टाकल्या हे खरे. पण त्याचा अर्थ शक्यता नाकारता येत नाही, इतकाच. त्यामागचा एक प्रमुख आधार असलेल्या, १३ देशांतील 'इंटरफोन' पाहणीत सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत ग्लायोमा ही मेंदूतली गाठ अधिक आढळली. मात्र त्यांतल्या काहींनी सांगितलेले रोजचे तास विश्वास बसू नये इतके होते. आजारी माणूस कारण शोधताना मागचा वापर फुगवून सांगतो, ही अशा पाहण्यांची जुनीच अडचण.

मग मेंदूवर काहीच परिणाम नाही का? आहे. अमेरिकेत २०११ मध्येच ४७ जणांच्या कानाशी ५० मिनिटे फोन चालू ठेवला, तेव्हा अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे सात टक्क्यांनी वाढला. ही नोंद महत्त्वाचीच, पण वाढलेला वापर म्हणजे इजा नव्हे. दुष्परिणाम उशिरा दिसतील, हा आक्षेप रास्त आहे. तरी नॉर्डिक देशांच्या कर्करोग नोंदवह्यांत मोबाइल घरोघरी पोहोचल्यानंतरही ग्लायोमाची अपेक्षित उसळी दिसलेली नाही. ज्यांना काळजी वाटते त्यांनी इअरफोन लावावा. अंतर वाढले की डोक्यात शिरणारी ऊर्जा झपाट्याने घटते.