सूत जुळले!

नवरात्राआधीच्या साफसफाईत घराघरांतून काय काय बाहेर पडते, हे वाचकांना मी सांगायला नको. आमच्याकडे यंदा माळ्यावरून एक मेणकापडाची पिशवी निघाली. वडिलांच्या मॉरिस एट मोटारीच्या पान्यांची! ही मोटार विलायतेत १९४८ साली बनायची बंद झाली. आमची मात्र सोलापुरात वडिलांच्या वकिलीबरोबर चालली आणि त्यांच्यामागे अंगणात ताडपत्रीखाली विसावली. पिशवी पाहताच नातवाने हट्ट धरला, "आजोबा, ती चालू करू या!"

पिशवीला कप्पे सहा आणि पाने पाच. सहावा कप्पा रिकामा का, हे जगात एकट्या मला ठाऊक होते.

१९६१ साली, अकरा वर्षांचा असताना, सायकलचे चाक खोलायला म्हणून मी तो पाना गुपचूप नेला आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी कुठेतरी घालवून बसलो. आळ आला मोटार पुसायला येणाऱ्या पोरावर. वडील त्याला एवढेच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी दाराआड उभा होतो. तोंड उघडले नाही.

तेव्हा तो पाना आता मिळवायचाच, आणि तोही अस्सल, असे मी ठरवले.

"पंच्याहत्तरीत हे काय नवीन खूळ?" सौ. म्हणाली.

"एक पाना तर आणायचा," मी म्हटले. इथेच माझे गणित चुकले.

भंगारवाल्याने माझ्यापुढे ढीग ओतला. नमुन्याला नेलेल्या नटावर तेराचा पाना बसेना, चौदाचा नुसता गरगर फिरे. अर्ध्या इंचाचाही आत जाईना. शेवटी त्याने पोत्यातून एक काढला. "हा घ्या मालक, फियाटचा. एकदम ओरिजिनल!"

ओरिजिनल खराच. कुर्ल्याला फियाट बांधणारी प्रीमियर कंपनी १९४४ साली काढली ती वालचंद हिराचंदांनी, आणि त्यांचा जन्म १८८२चा, आमच्या सोलापुरातलाच. पण गावचा अभिमान नटाला कुठे कळतो? फियाटचे पाने मिलिमीटरचे.

घोटाळा जुना आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या मँचेस्टरच्या यंत्रकाराने स्क्रूच्या आट्यांचे सगळीकडे एकच माप असावे, अशी योजना मांडली. त्याच्या पान्यावरचा आकडा मात्र बोल्टच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नव्हे. म्हणून ज्यावर पाव इंच लिहिले आहे, त्याचे तोंड अर्ध्या इंचाहून मोठे! तेराच्या पुढे, चौदाच्या अलीकडे.

त्यात मॉरिसची आणखी एक गंमत. तिची इंजिने कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात होत, तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. मॉरिसने तो १९२३ साली विकत घेतला, पण यंत्रे फ्रेंच मापाची. मग तोड निघाली: आटे राहू द्यावेत मिलिमीटरचे, नटाचे डोके करावे व्हिटवर्थचे. म्हणजे गिऱ्हाइकाला घरचेच पाने चालतील. पोटात फ्रेंच, डोक्यावर इंग्रज!

चार दुकाने हिंडल्यावर एकाने पूर्व भागातल्या एका म्हाताऱ्या फिटरचा पत्ता सांगितला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आयुष्य गिरणीत गेले, ती गिरणी केव्हाच बंद पडली. अण्णांनी माझा नट डोळ्यांजवळ धरला, अंगठ्याने चाचपला.

"चार सुतांच्या जरा वर. आमच्या विलायती मशिनींना हेच लागायचं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कापडाच्या गावात लोखंडही सुतानेच मोजायचे!

अण्णांनी कोनाड्यातून फडक्यात बांधलेले पाने काढले. तेल लावलेले, वर कुंकवाची बोटे. खंडेनवमीला पुजलेले. पाव इंचाचा पाना माझ्या नटावर असा बसला, की टक् असा आवाज आला.

"अण्णा, काय द्यायचे याचे?"

"तुमचा हरवला कसा?" त्यांनी उलट विचारले.

का कोण जाणे, मी सगळे सांगून टाकले. तलाव, तो पोरगा, दार. सौ.लाही कधी न सांगितलेले. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत.

"गिरणीत पाना हरवला की पहिलं नाव हेल्परचंच यायचं, मालक. मी पण ऐकून घेतलंय एकदा." मग पाना माझ्या हातात देत म्हणाले, "घेऊन जा. नट खोला, गाडी चालू करा. पण पिशवीत शोभेला ठेवायचा असेल तर मिळणार नाही. काम झालं की परत आणायचा."

लक्ष्मीपूजनाच्या आधी चार दिवस मॉरिसने दोनदा खोकून धूर काढला. नातू नाचला. पाना पुसून, तेल लावून मी अण्णांना परत केला. त्या पोराचा शोध मात्र लागला नाही. त्याचे आडनावसुद्धा आमच्या घरात कुणी कधी विचारले नव्हते.

पिशवी गुंडाळताना नातू म्हणाला, "आजोबा, हा कप्पा रिकामाच का?"

सौ. समोर होती, मुलगा होता, सूनबाई होती. मी म्हटले, "बैस, सांगतो."