बांबूचा फुलोरा आणि एक नवे राज्य



उंदरांनी उभे पीक फस्त केले म्हणजे घरावर काय ओढवते, हे आपणांस सांगायला नको. ईशान्येकडील मिझोरामच्या डोंगरांत सुमारे ४८ वर्षांनी बांबूला सर्वत्र एकदम फुलोरा येतो. त्याचे बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपले की भातावर तुटून पडतात. या आपत्तीला तेथे ‘माउताम’ म्हणतात.

१९५९ साली असाच दुष्काळ पडला. हा मुलूख तेव्हा आसामात होता. वेळेवर मदत पोचली नाही, म्हणून लोक संतापले. दुष्काळ निवारणासाठी निघालेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. १९६६ मध्ये बंड झाले. वीस वर्षांनी, जून १९८६ मध्ये करार झाला. त्याच वर्षी संसदेने मिझोराम राज्य कायदा केला व २० फेब्रुवारी १९८७ रोजी नवे राज्य झाले.

घटनेत ३७१-जी कलमही आले. मिझोंच्या चालीरीती, रूढीप्रमाणे होणारा न्यायनिवाडा, जमिनीची मालकी व हस्तांतरण यांविषयी संसदेने नवा कायदा केला, तरी तेथील विधानसभेने ठराव केल्याखेरीज तो तेथे लागू होत नाही.

२००६-०७ च्या सुमारास फुलोरा पुन्हा आला. या खेपेस राज्याने आधीच तयारी केली होती. मारलेल्या उंदराच्या शेपटीमागे पैसेही दिले. पिकांचे नुकसान झालेच, परंतु बंदूक उठली नाही. शेतकऱ्याच्या भुकेची दाद जवळच लागली पाहिजे, ती अशी!