आपल्याच शहराची सहल

परीक्षा संपल्या की वस्तीवस्तीतून सहलींची बोलणी सुरू होतात. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथकडचे कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "आठवी ते अकरावीची वीस मुलं-मुली आहेत. एका दिवसात मुंबई दाखवायची आहे. काय काय दाखवू?" आणि सोबत यादी देतात. राणीची बाग, हाजीअली, तारांगण, गेटवे, गिरगाव चौपाटी, जुहू. झालंच तर एखादा मॉल!

बंधू-भगिनींनो, ही यादी आधी फाडून टाका. भाड्याच्या बसमधून दहा ठिकाणं पाहिलेल्या मुलाला घरी आल्यावर विचारा, काय पाहिलंस? तो सांगेल, "खूप फिरलो." बसचं भाडं मात्र आईच्या भिशीतून गेलेलं असतं.

यातल्या कितीतरी मुलांचे आजोबा याच शहरात गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या रुळांवर राबले. नातवंडं मात्र ६ डिसेंबरला दादरला येतात आणि तिथूनच परत फिरतात. दादरच्या पुढे जाणारी गाडी त्यांच्या लेखी साहेब लोकांच्या ऑफिसांकडे जाते. एकदा अशाच एका गटाबरोबर आम्ही एका संग्रहालयाच्या फाटकाशी उभे होतो. नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "आपल्याला आत सोडतात का?" शेजारची म्हणाली, "तिकीट काढलं की सोडतात." तरीही चार पोरं रस्त्यापलीकडेच केस सारखे करत रेंगाळली होती. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. आमच्या मते सहल आखायची ती या चार पोरांसाठी. ठिकाणं थोडी असावीत, आणि जिथे जाल तिथे दारातून आत जावं.

आम्ही सुचवतो ती सहल पायी होणारी आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं आणि चालत गेटवेपर्यंत जायचं. सरळ गेलं तर अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास. दिवस रविवारचा घ्यावा. फोर्टातले रस्ते रिकामे असतात आणि लोकलला ऑफिसची गर्दी नसते. पण मेगाब्लॉक विसरू नका! तो बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी चारपर्यंत चालतो. म्हणून सकाळी लवकर पोहोचावं, परतीची गाडी चारनंतरची धरावी, आणि आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ब्लॉकची बातमी पाहून ठेवावी.

टर्मिनसपासून गाडी पकडून लगेच पुढे पळू नये. रस्ता ओलांडून समोर उभं राहावं आणि मुलांना वर बघायला सांगावं. ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. घुमटावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली बाई आहे, ती प्रगतीची मूर्ती. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. भिंतींवर पानं-फुलं, पक्षी, प्राणी कोरले आहेत, त्या कामात मुंबईच्या कला शाळेचे, म्हणजे आजच्या जे. जे.चे, विद्यार्थी होते. शिकणाऱ्या पोरांच्या हातचं ते काम आहे, हे मुलांना जरूर सांगा. २००४ पासून ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि रोज लाखो कामगार तिच्यातून डबा घेऊन ये-जा करतात. इथे आत जायला कुणी विचारत नाही, म्हणून सुरुवात इथून बरी.

पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्यांचं स्मारक. १ मे १९६० पाठ्यपुस्तकात वाचलेला असतो, इथे तो रस्त्यात भेटतो. तिथून राजाबाई टॉवर बाहेरूनच पाहावा. कापसाच्या व्यापारात पैसा केलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला, १८७८ मध्ये पुरा झाला. पाच मिनिटं पुरेत.

वेळ द्यायचा तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला. निदान दोन तास. शाळेचं ओळखपत्र प्रत्येकानं जवळ ठेवावं, विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते. सगळी दालनं पाहण्याचा हट्ट नको. नालासोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मात्र शोधून पाहावा. आज विरारच्या लोकलला लोंबकळत लोक जिथे जातात, ते सोपारा दोन हजारांवर वर्षांपूर्वी मोठं बंदर होतं. मग प्रत्येकानं आपल्या आवडीची एकच वस्तू निवडावी आणि बाहेर आल्यावर बाकीच्यांना तिच्याविषयी सांगावं. कुणी तलवार निवडेल, निवडू द्या.

गेटवे शेवटी. त्याचा आणि संग्रहालयाचा आराखडा एकाच माणसाचा, जॉर्ज विटेट यांचा. गेटवे १९२४ मध्ये खुला झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीवर चढली. बोटीच्या फेरीसाठी मुलं हट्ट धरतील. खिशाला परवडत असेल तर जरूर जावं.

आता तयारी. सहलीआधी एका रविवारी गटातल्या एक मुलगा, एक मुलगी आणि एका ताईनं वा दादानं हा रस्ता चालून यावं. पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, डबा खायला सावली कुठे, हे त्यांनी वहीत लिहावं. सहलीच्या दिवशी वाट हीच दोघं दाखवतील, मोठ्यांनी मागून चालावं. कल्याणहून टर्मिनसला जाण्यात एक सोय आहे, ते शेवटचं स्टेशन आहे. कुणी मागे राहिलं तर घाबरू नये, टर्मिनसची पुढची गाडी धरावी आणि इंडिकेटरखाली उभं राहावं. नंबर मोबाइलमध्ये असतोच, तरी चिठ्ठीवर लिहून खिशातही ठेवावा.

आणि मुलींचं. नावनोंदणीच्या दिवशी दहा मुली हात वर करतात, सहलीच्या सकाळी चारच येतात. कुणाला पाणी भरायचं असतं, कुणाला धाकटा भाऊ सांभाळायचा असतो, कुणाचे वडील म्हणतात, मुलीच्या जातीला मुंबई कशाला? आयाबायांनो, एक रविवार पाणी मुलगा भरील. कार्यकर्त्यांनीही घरोघर जाऊन बसावं. सोबत कोणत्या ताई आहेत, मुली महिलांच्या डब्यात कुणाबरोबर बसतील, दिवेलागणीला कोणत्या गाडीनं परत येतील, हे आईसमोर सांगावं. पुरेशा मुली तयार झाल्या नाहीत तर सहल एक आठवडा पुढे न्यावी आणि राहिलेल्या घरी पुन्हा जाऊन यावं.